सिग्नलमनचा मुलगा

वेल्स आणि इंग्लंड ह्यांच्या सीमेवर, ब्लॅक माउंटन्स नावाच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी पॅन्डी नावाचे एक लहानसे खेडे आहे. खेड्याजवळून रेल्वेचा रूळ जातो. ह्या रुळाच्या कडेला सिग्नलची जी केबिन होती, तिच्यात हेन्री जोसेफ विल्यम्स नावाचे गृहस्थ दांडे ओढून गाड्यांना वाट देण्याचे काम करीत. ३१ ऑगस्ट १९२१ रोजी त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव रेमंड हेन्री असे ठेवले गेले; पण घरात आणि गावात सगळे त्याला जिम म्हणत. हाच जिम पुढे केंब्रिज विद्यापीठात प्राध्यापक झाला, आणि आज जगातील अनेक विद्यापीठांत संस्कृती-अभ्यास ह्या नावाने जो विषय बी. ए.च्या पदवीसाठी शिकवला जातो, त्याच्या पायाचे दगड बसवणाऱ्यांत त्याचे नाव घेतले जाते.

आपल्या महाविद्यालयात हा विषय नाही. आपल्याकडे मराठी एका खोलीत, इतिहास दुसऱ्या खोलीत आणि समाजशास्त्र जिन्याखालच्या खोलीत शिकवतात. मला रेमंड विल्यम्स हे नाव इंग्रजीच्या तासाला ओझरते कळले. सिग्नलमनचा मुलगा एवढे दोनच शब्द माझ्या कानात राहिले, कारण वडिलांच्या व्यवसायावरून ओळख सांगितलेला लेखक मी त्याआधी वर्गात ऐकला नव्हता. मग ग्रंथालयातून मिळेल ते आणून, शब्दकोश शेजारी ठेवून, मी वाचत गेले. विल्यम्स ह्यांचे इंग्रजी सोपे नाही. एकेक वाक्य उसाच्या गाडीसारखे लांब आणि जड. तरी मी सोडले नाही, त्याचे कारण पुढे येईलच.

विल्यम्स ह्यांचे आजोबा शेतमजूर होते. मालकाने त्यांना राहत्या झोपडीतून बाहेर काढले, आणि मग ते रस्त्याच्या कामावर लागले. गावाच्या सभेत ही हकीकत सांगताना त्या धिप्पाड माणसाला रडू कोसळले होते, असे नातवाने पुढे लिहून ठेवले आहे. वडील लहानपणी शेतावर राबले, मग रेल्वेत हमाल झाले, पहिल्या महायुद्धात लढून आले आणि सिग्नलमन झाले. गावात कामगार संघटनेची शाखा आणि मजूर पक्षाचा गट त्यांनी उभा केला. मे १९२६ मध्ये खाणकामगारांच्या पाठिंब्यासाठी इंग्लंडात सार्वत्रिक संप झाला, त्यात तेही उतरले. नऊ दिवसांत संप मागे घेतला गेला. जिम तेव्हा पाच वर्षांचाही नव्हता. पण हे नऊ दिवस त्याच्या मनात असे रुतले, की पस्तिसाव्या-चाळिसाव्या वर्षापर्यंत तो ते पुन्हा पुन्हा लिहीत राहिला.

शिष्यवृत्ती मिळवून जिम जवळच्या ॲबरगेव्हनी गावातील शाळेत गेला. शाळा जुनी, आठव्या हेन्री राजाच्या नावाची. ह्या सीमेवरच्या भागात वेल्श भाषा मागे पडलेली होती, घरात इंग्रजीच होती, आणि शाळेनेही वेल्सचा इतिहास मुलांच्या अंगाला लागू दिला नाही. हे त्यांना खूप उशिरा कळले आणि सलत राहिले. मुख्याध्यापकांनी केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजला पत्र घातले, आणि १९३९ साली, युद्ध सुरू झाले त्याच सुमारास, सिग्नलमनचा मुलगा इंग्रजी साहित्य शिकायला केंब्रिजला पोचला.

येथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आपण समजतो, की खेड्यातला मुलगा अशा भव्य इमारती पाहून दबून जात असेल. विल्यम्स दबले नाहीत. जुन्या दगडी इमारती त्यांनी लहानपणापासून पाहिल्या होत्या. डोंगर, किल्ले, हेरफर्डचे चर्च हे सारे त्यांच्या गावाच्या बसच्या वाटेवरच होते. विद्येचेही त्यांना भय वाटले नाही, कारण घरात विद्येला मान होता. त्यांना खटकले ते केंब्रिजमधले एक चहाचे दुकान. तेथे बसणारी माणसे विशेष विद्वान नव्हती, विशेष काही निर्माणही करीत नव्हती. पण कप कसा धरावा, शब्द कसा उच्चारावा, कोणाकडे कसे पाहावे, एवढ्यावरून ती आपण सुसंस्कृत असल्याचे दाखवीत. ह्याला जर संस्कृती म्हणायचे असेल तर माझ्या गावाजवळ काय आहे, असा प्रश्न त्या मुलाला पडला.

आपल्याकडे हा प्रश्न चहाच्या कपावरून पडत नाही, न आणि ण वरून पडतो. अकरावीत एका तासाला मी पाणी हा शब्द घरी बोलतो तसा उच्चारला. पुढच्या बाकावरच्या मुली हसल्या ते मी समजू शकले; शिकवणाऱ्या व्यक्तीही हसल्या. पुढे मी ण घोटून घोटून बसवला. आता सुटीत घरी गेले की आजी म्हणते, शहरातली बाई आली. म्हणजे एका अक्षरावरून मला दोन्हीकडून बाहेर काढता येते. विल्यम्स ह्यांचे चहाचे दुकान मला समजायला शब्दकोश लागला नाही.

केंब्रिजमध्येच एकदा एका नामांकित टीकाकाराचे व्याख्यान होते. शेक्सपिअरच्या काळात शेजारी ह्या शब्दाला जो अर्थ होता तो आजच्या यांत्रिक युगात कोणाला कळणे शक्य नाही, असा त्यांचा मुद्दा होता. एफ. आर. लीव्हिस हे थोर टीकाकारही तेथे होते, आणि ते मान डोलावून दुजोरा देत होते. विल्यम्स उठले व म्हणाले, की ह्या शब्दाचा अर्थ मला पक्का ठाऊक आहे; मी वेल्समधल्या खेड्यातून आलो आहे. सभेला हे आवडले नाही. एक खेडवळ विद्यार्थी उठतो आणि जो अर्थ जगातून नाहीसा झाला म्हणून विद्वान हळहळत आहेत, तो माझ्या घरी अजून वापरात आहे असे सांगतो! मला हा प्रसंग वाचताना आमच्याकडची इर्जिक आठवली. एखाद्याचे रान मागे पडले, की गावातली औते एके दिवशी त्याच्या शेतात उतरत. मजुरी नाही, सगळ्यांना जेवण. आता ट्रॅक्टर आल्यापासून ती क्वचितच होते, पण शब्द सगळ्यांना माहीत आहे. मात्र येथे मी विल्यम्स ह्यांच्या पूर्ण मागे जाऊ शकत नाही. पॅन्डीला आपल्यासारखी वेस नव्हती, वेशीबाहेरची वस्ती नव्हती. आमच्या गावात शेजार म्हटले, की कोणाचा कोणाशी, हे आधी विचारावे लागते. इर्जिकीच्या पंगतीतही पाने कशी मांडत, हे आजी सांगते तेव्हा आवाज खाली करते.

पुढचा काळ युद्धाचा. विद्यार्थी असताना ते कम्युनिस्ट पक्षात होते. एरिक हॉब्सबॉम ह्या पुढे प्रसिद्ध झालेल्या इतिहासकाराबरोबर त्यांनी पक्षासाठी एक पत्रकही लिहिले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स ही संस्था युद्धामुळे केंब्रिजला हलवली होती. तिच्यात शिकणाऱ्या जॉय डॅलिंग ह्यांच्याशी त्यांनी १९४२ साली लग्न केले. सैन्यात भरती झाल्यावर त्यांना आधी सिग्नल दलात घातले (सरकारी कचेरीला बापाचा धंदा कळला होता की काय, कोण जाणे), मग रणगाडाविरोधी तुकडीत. १९४४ साली नॉर्मंडीच्या लढाईत ते होते. तेथील गोंधळात आपल्या तुकडीतल्या दोन रणगाड्यांचा त्यांच्याशी संपर्क तुटला आणि त्या माणसांचे काय झाले ते त्यांना कधीच कळले नाही. ह्या विषयावर ते फार थोडे बोलले.

१९४५ साली परत केंब्रिजला आल्यावर त्यांना वाटले, की येथे लोक वेगळीच भाषा बोलू लागले आहेत. शब्द तेच, पण अर्थ हलले होते. विशेषतः कल्चर हा शब्द जिकडेतिकडे ऐकू येत होता, आणि प्रत्येकाच्या तोंडी त्याचा वेगळा वास येत होता. ही टोचणी घेऊन ते १९४६ साली नोकरीला लागले. नोकरी ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या बहिःशाल विभागाची होती, म्हणजे विद्यापीठाबाहेरच्या प्रौढांना शिकवण्याची. ससेक्स परगण्यात, समुद्रकाठच्या सीफर्ड, हेस्टिंग्ज अशा गावांत ते राहिले आणि पंधरा वर्षे संध्याकाळचे वर्ग घेत हिंडले.

आपल्या पाठ्यपुस्तकी चरित्रांत अशी पंधरा वर्षे एका ओळीत उरकतात. मला वाटते, सगळा जीव तेथेच आहे. ह्या वर्गांना परीक्षा नव्हती, पदवी नव्हती. कामगार शिक्षण संघ हे वर्ग भरवण्यात भागीदार होता. दिवसभर काम करून माणसे येत. कारकून, कामगार, गृहिणी. त्यांना गुण नको होते, त्यामुळे ती खरे प्रश्न विचारीत. ही कादंबरी चांगली, हे कोणी ठरवले? ज्या काळातली ही कविता आहे त्या काळात आमच्यासारखी माणसे काय करीत होती? ती हिच्यात का दिसत नाहीत? वर्तमानपत्र, सिनेमा, जाहिरात ह्यांचे काय? साहित्याच्या प्राध्यापकाने ह्याला समाजशास्त्राचा प्रश्न म्हणून बाजूला सारावे आणि समाजशास्त्राच्या प्राध्यापकाने साहित्याचा म्हणून, तर संध्याकाळच्या वर्गातील विद्यार्थी पुढच्या आठवड्यापासून येणार नाही. त्याला काही सक्ती नाही. म्हणून विल्यम्स ह्यांना विषयांच्या भिंती पाडाव्या लागल्या. संस्कृती-अभ्यासाचा जन्म कोणा विद्वानाच्या ग्रंथातून झाला असे लोक म्हणू लागले, तेव्हा ते स्वतः निक्षून सांगत, की तो ह्या प्रौढांच्या वर्गांतून झाला; ग्रंथ नंतर आले, आणि ज्यांच्या प्रश्नांतून ते आले त्यांची नावे कोठेही छापलेली नाहीत.

१९५१ साली कोरियातील युद्धासाठी राखीव सैनिकांना बोलावणे आले. विल्यम्स ह्यांनी जाण्यास नकार दिला. एक युद्ध लढलेल्या माणसाचा हा नकार होता, म्हणून त्याचे वजन निराळे. घरात तीन मुले आणि मिळकत बेताची.

ह्याच काळात केव्हातरी सीफर्डच्या सार्वजनिक वाचनालयाच्या तळघरात त्यांनी ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशाचा एक खंड काढला आणि सहज कल्चर हा शब्द पाहिला. त्या पानावर त्यांना जे दिसले त्याने त्यांचे पुढचे आयुष्य ठरले. हा शब्द मुळात शेतीचा. लॅटिनमधील त्याच्या मुळाचा एक अर्थ मशागत करणे, जोपासना करणे. पिकाची मशागत, जनावरांची निगा, असा शेकडो वर्षे त्याचा वापर. मग हळूहळू मनाची मशागत. आणि अठराव्या-एकोणिसाव्या शतकात, कारखाने आले, लोकशाही आली, तेव्हा तो शेतातून उठून दिवाणखान्यात जाऊन बसला. विल्यम्स ह्यांच्या लक्षात आले, की उद्योग, लोकशाही, वर्ग, कला आणि संस्कृती हे पाच शब्द एकाच काळात आपले अर्थ बदलतात, आणि ह्या बदलाचा नकाशा म्हणजेच त्या समाजाचा इतिहास. ‘कल्चर अँड सोसायटी’ हे त्यांचे गाजलेले पुस्तक १९५८ साली निघाले, ते ह्या शोधातून. १७८० ते १९५० पर्यंतच्या इंग्रज लेखकांचा त्यात धांडोळा आहे.

ह्या ठिकाणी थोडे विषयांतर करते. आपल्या संस्कृती ह्या शब्दाचीही एक हकीकत आहे. बंगालीत कल्चरसाठी कृष्टि हा शब्द चालत होता. नांगरणे ह्या अर्थाच्या धातूपासून आलेला. रवींद्रनाथांना तो रुचत नसे. भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चटर्जी ह्यांना १९२२ साली पॅरिसमध्ये एका महाराष्ट्रीय मित्राकडून संस्कृती हा शब्द ह्या अर्थाने समजला. त्यांनी तो रवींद्रनाथांना सांगितला आणि त्यांनाही तो पसंत पडला. म्हणजे नांगराचा शब्द मागे सारून जो संस्काराचा शब्द बंगालीत रुजला, तो आपल्या मराठीतून गेला. शब्द सुंदर आहे, ह्यात शंका नाही. परंतु स्नेहसंमेलनाच्या फलकावर सांस्कृतिक कार्यक्रम असे वाचले, की मला त्या कृष्टिचे वाईट वाटते. आमच्या घरात सात पिढ्या तीच चालली.

‘कल्चर अँड सोसायटी’ला जोडून शब्दांचे एक परिशिष्ट द्यायचे होते. जागेअभावी ते गाळावे लागले. विल्यम्स ह्यांनी कागद फेकले नाहीत. त्यात भर घालत राहिले, आणि तब्बल अठरा वर्षांनी, १९७६ साली, ते ‘कीवर्ड्‌स’ ह्या नावाने स्वतंत्र पुस्तक म्हणून आले. शंभरावर शब्द, प्रत्येकावर लहानसा निबंध. हा शब्द कोणी, केव्हा, कोणाच्या सोयीसाठी वळवला, ते त्यात पाहिले आहे. मी पूर्ण वाचलेले त्यांचे हे पहिले पुस्तक. ते वाचल्यावर मी वहीच्या मागच्या पानांवर आमच्याकडच्या शब्दांची यादी करू लागले.

त्यातला एक शब्द सांगते. आमच्या बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. माझे आई-वडीलही जात. मी आजीजवळ गावात राहिले म्हणून माझी शाळा सुटली नाही. मुकादम हंगामाआधी जी रक्कम देतो तिला उचल म्हणतात, आणि ही उचल कोयत्यामागे ठरते. कोयता म्हणजे ऊस तोडण्याचे हत्यार, हा झाला कोशातला अर्थ. टोळीच्या हिशेबात कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्याने गेला तर तो अर्धा कोयता. माझी आई पहाटे चारला उठून फडात जाई, मोळ्या डोक्यावर वाहून गाडी भरू लागे. पण हिशेबाच्या वहीत ती अर्ध्या कोयत्याहून निराळी कोणी नव्हती. शब्द असा वळवला गेला, की त्यात एक अख्खे माणूस मावेनासे झाले. हे मी आधीही पाहत होते. पण पाहिलेले अभ्यासाचा विषय होऊ शकते, हे मला सीफर्डच्या तळघरातील माणसाने दाखवले.

त्याच १९५८ साली त्यांनी एक निबंध लिहिला. संस्कृती ही साधी, रोजची, सर्वांची गोष्ट आहे, एवढाच त्याचा आशय. एका समाजाचे सामाईक अर्थ आणि त्याच समाजातील कलांची निर्मिती, हे दोन्ही मिळून संस्कृती होते. एकाला धरून दुसरे टाकता येत नाही. येथे पुष्कळांची गल्लत होते. विल्यम्स असे म्हणत नाहीत, की शेक्सपिअर आणि सिनेमाचे पोस्टर सारखेच. शेक्सपिअर त्यांना हवाच होता. तो काही लोकांच्या चहाच्या दुकानाची मालमत्ता आहे, हे त्यांना मान्य नव्हते. जनसमूह ह्या शब्दाविषयीही त्यांचे असेच मत होते: समूह असा कोठे नसतोच, माणसांकडे समूह म्हणून पाहण्याच्या तऱ्हा असतात. आपण स्वतः, आपले आईवडील, आपले मित्र, ह्यांना आपण कधी समूह म्हणत नाही, इतरांनाच म्हणतो.

१९५८ मध्येच त्यांचे वडील वारले. दोन वर्षांनी ‘बॉर्डर कंट्री’ ही कादंबरी आली. ती त्यांनी कितीतरी वर्षे पुन्हा पुन्हा लिहिली होती. लंडनमध्ये अध्यापक असलेला मॅथ्यू प्राइस वडील आजारी म्हणून वेल्समधल्या खेड्यात परत येतो. वडील सिग्नलमन. मॅथ्यू औद्योगिक क्रांतीच्या काळात वेल्सच्या खोऱ्यांत माणसे कोठून कोठे गेली ह्याचे संशोधन करीत आहे, आकडे जमवीत आहे. पण त्या आकड्यांत आपल्या बापाला कसे बसवावे हे त्याला उमगत नाही. ह्या मॅथ्यूला गावात सगळे विल म्हणतात. म्हणजे जिम आणि रेमंड ह्यांचीच ही जोडी. ज्यांना मस्टरवर एक नाव आहे आणि उंबऱ्याच्या आत दुसरे, त्यांनी ही कादंबरी जरूर वाचावी. बापलेकांत मोठे भांडण नाही, रडारड नाही. दोघे बोलायला बसतात आणि थोडेसेच बोलतात.

१९६१ साली ‘द लाँग रेव्होल्यूशन’ हे पुस्तक आले. उद्योगातील क्रांती, लोकशाहीची क्रांती आणि वाचन-शिक्षण सर्वांपर्यंत पोचण्याची क्रांती ह्या तिन्ही मिळून एकच लांबलेली क्रांती आहे आणि ती अजून पुरी झालेली नाही, असे त्यात मांडले आहे. त्याच वर्षी केंब्रिजने त्यांना व्याख्याता नेमले. गंमत म्हणजे त्यांनी अर्ज केलाच नव्हता. नेमणुकीचे पत्र थेट घरी आले. पुढे १९७४ मध्ये ते नाट्यविषयाचे प्राध्यापक झाले.

त्यांच्या केंब्रिजमधल्या काळातील मला सर्वांत प्रिय पुस्तक ‘द कंट्री अँड द सिटी’, १९७३ सालचे. ते त्यांनी शेतावर राबलेल्या आपल्या आजी-आजोबांना अर्पण केले आहे. त्यात एक मजेदार शोध आहे. जुने खेडे आत्ताआत्ता नाहीसे झाले अशी हळहळ एका लेखकाने व्यक्त केलेली त्यांना दिसली. म्हणून ते त्याच्या आधीच्या पिढीकडे गेले. तर तेथेही हीच हळहळ. आणखी मागे, तेथेही तीच. असे सरकत्या जिन्यावरून उतरत ते थेट आदम-हव्वेच्या बागेपर्यंत पोचले! सुवर्णयुग नेहमी आजोबांच्या लहानपणी असते. आणि इंग्लंडातील सरदारांच्या ज्या हवेल्या पाहायला लोक रांगा लावतात, त्या पाहताना मनाशी हिशेब करा, असे ते सांगतात: एवढा दगड आणायला, एवढी जमीन कसायला किती माणसांचे किती दिवस गेले असतील? आपल्याकडेही गावाकडच्या आठवणींचे लेख पुष्कळ येतात. ते लिहिणाऱ्यांनी हे पुस्तक वाचले तर निम्मे लेख कमी होतील.

दूरदर्शनवर गंभीरपणे लिहिणे तेव्हा प्राध्यापकांना कमीपणाचे वाटे. विल्यम्स ‘द लिसनर’ ह्या साप्ताहिकात १९६८ ते १९७२ पर्यंत त्यावर सदर लिहीत होते. मग अमेरिकेला गेले असता मायामीच्या हॉटेलात एका रात्री ते चित्रपट पाहत बसले. मध्ये जाहिराती, मध्ये दुसऱ्याच चित्रपटांच्या झलका. कोणते दृश्य कशातले, हेच कळेना. त्यावरून त्यांना सुचले, की येथे सुटे कार्यक्रम दाखवीत नाहीत, एक अखंड प्रवाह सोडलेला आहे. १९७४ साली त्यांनी हे ग्रंथात मांडले. आज वसतिगृहात रात्री एक वाजेपर्यंत मोबाईलवर रील सरकवत बसणाऱ्या माझ्या मैत्रिणींना मी हे सांगितले, तेव्हा हा मनुष्य मोबाईलच्या आधी वारला ह्यावर त्यांचा विश्वास बसेना.

आता त्या पदवीकडे वळते. रिचर्ड हॉगर्ट ह्यांनी १९६४ साली बर्मिंगहॅम विद्यापीठात समकालीन संस्कृती-अभ्यासाचे केंद्र काढले. हॉगर्टही गरीब कामगारवस्तीतले आणि प्रौढांचे वर्ग घेतलेले. जमेकाहून शिष्यवृत्तीवर आलेले स्टुअर्ट हॉल त्यांच्यानंतर केंद्राचे प्रमुख झाले. तेथे आधी संशोधनच चाले. सत्तरच्या दशकात पोर्ट्‌समथसारख्या ठिकाणच्या पॉलिटेक्निकांनी ह्या विषयाची पदवी सुरू केली. मोठ्या विद्यापीठांत ज्यांना शिरकाव नव्हता अशी मुले तेथे येत. विल्यम्स ह्यांना आनंद झाला असेल असे वाटते ना? झाला, पण धास्तीही वाटली. १९८६ साली अशाच एका पॉलिटेक्निकमधील व्याख्यानात त्यांनी ती बोलून दाखवली. विषयाला अभ्यासक्रम मिळाला, परीक्षा मिळाली, की तो आपल्याआपल्यात बोलू लागतो. ज्यांच्या प्रश्नांतून तो निघाला ती माणसे दाराबाहेरच राहतात. म्हणून तो पुन्हा त्यांच्याकडे न्यायला हवा, असा त्यांचा आग्रह होता. पुढे २००२ साली बर्मिंगहॅम विद्यापीठाने हा विभागच बंद केला. विल्यम्स ते पाहायला नव्हते.

त्यांच्यात उणिवा नव्हत्या असे नाही. इंग्लंडच्या संस्कृतीवर एवढे लिहिताना, ती ज्या साम्राज्याच्या पैशावर पोसली त्याला ‘कल्चर अँड सोसायटी’त फारशी जागा नाही. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रदीर्घ मुलाखतींत त्यांना हे तोंडावर विचारले गेले, आणि स्त्रियांबद्दलही विचारले गेले. वसाहतींतून इंग्लंडात आलेल्या काळ्या माणसांना त्यांच्या विचारात स्थान कोठे, असा जाब पॉल गिलरॉय ह्यांनी १९८७ साली विचारला. मला स्वतःला जॉय ह्यांचे नाव पुस्तकांच्या आत सापडते, मुखपृष्ठावर नाही, हे खटकते. कित्येक वर्षे संशोधनात त्यांचा हात होता. हाही एक अर्धा कोयताच म्हणायचा.

१९८३ साली ते निवृत्त झाले आणि सॅफ्रन वॉल्डन येथे राहू लागले. २६ जानेवारी १९८८ रोजी तेथेच त्यांचे अकस्मात निधन झाले. वय ६६. पॅन्डीपासून जवळच, क्लॉडॉकच्या चर्चच्या आवारात त्यांना पुरले आहे. शेवटची काही वर्षे ते एक मोठी कादंबरी लिहीत होते. ब्लॅक माउंटन्समध्ये डोंगरात हरवलेल्या आजोबांना शोधायला एक नातू रात्री निघतो, आणि वाटेत त्या मातीत हजारो वर्षांपूर्वीपासून राहिलेल्या माणसांच्या गोष्टी त्याला एकामागून एक भेटत जातात. गुहेतील शिकाऱ्यांपासून पुढे, विसाव्या शतकापर्यंत आणायचा बेत होता. जॉय ह्यांनी हस्तलिखित लावून दोन भाग छापून घेतले, १९८९ आणि १९९० साली. कथा मध्ययुगापर्यंत येऊन थांबते. सिग्नलची केबिन अजून काही शतके पुढे आहे, आणि आजोबा सापडलेले नाहीत.